भाडेकरू घरात, काम बाहेरून : बोर्दोच्या ग्राँ पार्क वसाहतीचं प्रकरण

गुनो, हेंडेल आणि अँग्र. दोन संगीतकार आणि एक चित्रकार. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला असलेल्या बोर्दो शहराच्या उत्तर भागात ग्राँ पार्क नावाची वसाहत आहे. तिथल्या तीन लांबलचक इमारतींना ही नावं आहेत, पण नकाशावर आणि कागदोपत्री त्या नुसत्या जी, एच आणि आय. दहा ते पंधरा मजले, तिन्ही मिळून ५३० घरं. मालक 'आकितानिस' ही बोर्दो महानगराची सार्वजनिक घरबांधणी संस्था, आणि राहणारे सगळे तिचे भाडेकरू. जुनं बोर्दो अठराव्या शतकातल्या दगडी इमारतींसाठी प्रसिद्ध आहे. २००७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. ग्राँ पार्क बघायला मात्र कोणी पर्यटक जात नसे.

या इमारती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये घरांची प्रचंड टंचाई होती. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती आणून भराभर उभ्या करायच्या, या पद्धतीने देशभर अशा वसाहती उठल्या. एकट्या ग्राँ पार्कमध्ये चार हजारांवर घरं झाली. पन्नास वर्षांनी त्यांची अवस्था काय होती, हे मुंबई-ठाण्याच्या वाचकाला फार समजावून सांगायला नको. बाथरूम जुनाट, वायरिंग जुनं, प्रवेशद्वारं कळकट. भिंतींना थंडी अडवणारा थर नाही, त्यामुळे हिवाळ्यात हीटरचं बिल चढतं. खिडक्या लहान, बाल्कनी नाही. वरच्या मजल्यांवरून सगळं शहर दिसू शकेल अशी जागा, पण भिंतीत चौकोनी भोक पाडावं तेवढीच खिडकी.

एक गोष्ट मात्र चांगली होती. सांगाडा भक्कम होता आणि घरांची आतली मांडणीही वाईट नव्हती. या प्रकरणातला पुढचा प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती आधीच नोंदवून ठेवतो.

अशा इमारतींचं काय करायचं याचं फ्रान्समध्ये एक ठरलेलं उत्तर तयार होत होतं : पाडा. १ ऑगस्ट २००३ च्या कायद्याने देशभर शहरी नूतनीकरणाचा मोठा कार्यक्रम सुरू केला. त्यात दोन लाख सार्वजनिक घरं पाडायची, तेवढीच नवी बांधायची आणि तेवढीच दुरुस्त करायची, असं उद्दिष्ट होतं. उंच इमारत सुरुंगाने खाली बसवायची, टीव्हीवर ते दाखवायचं, आणि त्या भागातली गरिबी, बेकारी, गुन्हेगारीही त्या धुरळ्यात गेली असं समजायचं, अशी एक सवयच पडली होती. त्या इमारतीतली माणसं कुठे गेली, हा प्रश्न बातमीत मावत नसे.

२००४ मध्ये तीन वास्तुकारांनी या धोरणाला उलट उत्तर दिलं. आन लाकातों, जाँ-फिलिप वासाल आणि फ्रेदेरिक द्रुओ. फ्रेंच सांस्कृतिक खात्यासाठी त्यांनी 'प्ल्यूस' नावाचा अभ्यास केला. त्याचा फ्रेंच अर्थ 'अधिक'. सार एवढंच, की पाडू नका, काढून टाकू नका, जे आहे त्यात भर घाला. पाडणं, माणसं दुसरीकडे हलवणं आणि नवं बांधणं यांचा एकत्र खर्च धरला, तर तेवढ्याच पैशांत आहेत ती घरं कितीतरी मोठी आणि चांगली करून मिळतात, असा त्यांचा हिशेब होता. ही भावनिक हाक नव्हती, प्रत्येक वसाहतीचे नकाशे आणि आकडे समोर ठेवून केलेली मांडणी होती.

लाकातों आणि वासाल हे दोघं बोर्दोच्याच वास्तुकला विद्यालयात शिकलेले. या शहराशी त्यांची आधीची एक गंमतीशीर ओळख आहे. १९९६ मध्ये नगरपालिकेने त्यांना लेओं ओकोक नावाचा एक लहानसा चौक सुशोभित करायला सांगितला होता. झाडं, बाकं, भोवती साधी घरं, असा तो चौक. त्यांनी तिथे बराच वेळ घालवला, राहणाऱ्यांशी बोलले, आणि कळवलं की चौक आहे तसाच उत्तम आहे, काही करू नका. खडी बदला, झाडांची निगा राखा, झाडलोट जास्त वेळा करा, बस्स. पालिकेने ते ऐकलंही. आपल्याकडे 'सुशोभीकरण' या शब्दाखाली पेव्हर ब्लॉक आणि कारंजी किती बसतात हे आठवलं, की त्या पालिकेचं जास्त कौतुक वाटतं. काही न करण्याचं काम मंजूर करायला सही करणाऱ्याच्या अंगात धमक लागते.

बोर्दोच्या आधी या विचाराची परीक्षा पॅरिसमध्ये झाली. शहराच्या उत्तर कडेला, परिघावरच्या वाहत्या महामार्गाजवळ, 'तूर ब्वा-ल-प्रेत्र' ही पन्नास मीटर उंचीची इमारत आहे. रेमों लोपेझ या वास्तुकाराने ती १९६० च्या आसपास बांधली. १९९० च्या सुमारास तिचं एकदा नूतनीकरण झालं होतं. थंडी अडवण्यासाठी बाहेरून पत्र्यांचं आवरण चढवलं आणि त्या भरात खिडक्या लहान झाल्या. म्हणजे ऊर्जा वाचवण्याच्या नावाखाली लोकांचा उजेड गेला. दुरुस्ती झाली, पैसे खर्च झाले, आणि घर पहिल्यापेक्षा कोंदट. 'शाश्वत नूतनीकरण' हा शब्द ऐकला की ही पहिली दुरुस्ती मला आठवते. नुसते ऊर्जेचे युनिट मोजले तर तीही यशस्वीच म्हणावी लागेल.

या इमारतीसाठी २००५ मध्ये स्पर्धा झाली आणि द्रुओ, लाकातों, वासाल यांचा प्रस्ताव निवडला गेला. काम २०११ मध्ये पूर्ण झालं. १९९० चं आवरण काढलं आणि प्रत्येक मजल्याला बाहेरून तीन मीटर खोलीची भर घातली : दोन मीटरची काचबंद जागा आणि तिच्यापुढे एक मीटरची बाल्कनी. इमारतीचं क्षेत्रफळ सुमारे ८,९०० चौरस मीटरवरून साडेबारा हजारांच्या जवळ गेलं. गरम करण्यासाठी लागणारी ऊर्जा निम्म्याहून कमी झाली. खर्च सव्वाअकरा दशलक्ष युरोंच्या घरात, आणि पाडून पुन्हा बांधण्याचा अंदाज त्याहून बराच जास्त होता. काम चालू असताना भाडेकरू इमारतीतच राहिले. कोणाचं कुटुंब वाढलं होतं, कोणाची मुलं घर सोडून गेली होती. अशांना त्याच इमारतीत मोठ्या किंवा लहान घरात जाण्याची मुभा होती. त्यासाठी घराघराशी बोलणी झाली. वस्तीशी नातं न तोडता घर बदलता येणं ही लहान वाटणारी सोय आहे. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं एकटी तीन खोल्यांत आणि शेजारी सहाजण एका खोलीत राहतात, त्यांना तिची किंमत कळेल.

बोर्दोत हाच प्रयोग ५३० घरांवर करायचा होता. लाकातों, वासाल आणि द्रुओ यांच्यासोबत इथे क्रिस्तोफ ह्युतँ हे बोर्दोचेच वास्तुकार होते. काम २०१६ च्या सुमारास पूर्ण झालं.

या प्रकल्पाबद्दल लिहिताना बहुतेक जण काचेच्या सुंदर बाल्कन्यांपासून सुरुवात करतात. मला वाटतं सुरुवात अटींपासून करायला हवी. पहिली अट : कोणी घर सोडणार नाही. दुसरी : या कामामुळे भाडं वाढणार नाही. या दोन अटी एकदा मान्य केल्या, की बांधकामाची बरीचशी पद्धत आपोआप ठरते. माणसं आत राहणार असतील तर घरातली तोडफोड कमीत कमी हवी. आत तोडफोड नको, तर नवी जागा बाहेरून यायला हवी. बाहेरून यायची, तर तिचा भार जुन्या इमारतीवर टाकता येणार नाही, कारण मग जुने कॉलम मजबूत करायला घरात शिरावं लागेल. म्हणून तिला स्वतःचा पाया आणि स्वतःचे खांब. आणि महिनोन्‌महिने परांची बांधून लोकांचा उजेड अडवायचा नसेल, तर भाग कारखान्यात तयार करून क्रेनने एकावर एक रचायला हवेत.

नेमकं तसंच केलं. जुन्या इमारतीला लागून नव्या पायावर काँक्रीटचे तयार खांब आणि तयार स्लॅब मजल्यामागून मजला चढत गेले. ही नवी चौकट स्वतःच्या पायावर उभी आहे, जुन्या इमारतीला फक्त खेटून. तिची खोली ३.८ मीटर, म्हणजे साडेबारा फूट. एवढ्या जागेत जेवणाचं टेबल मांडून आठ माणसं बसवली तरी मागून माणूस जाऊ शकतो. आपल्या फ्लॅटमधल्या अडीच फुटी बाल्कनीत खुर्ची ठेवली की गुडघे कठड्याला लागतात, त्या मानाने हे प्रकरण वेगळंच आहे.

नवी चौकट दारात येऊन उभी राहिली की मग जुन्या भिंतीचा नंबर. एका घरातल्या कामाचं वेळापत्रक असं होतं : काँक्रीटचा मजला जागेवर बसवायला अर्धा दिवस, जुनी दर्शनी भिंत कापायला दोन दिवस, तिच्या जागी जमिनीपासून छतापर्यंतची सरकती काचेची दारं बसवायला दोन दिवस, आणि आतलं काम, म्हणजे बाथरूम, वायरिंग वगैरे, आठ ते बारा दिवस. एकूण साधारण १२ ते १६ दिवस. माझ्या मते या प्रकल्पातला सगळ्यात मोठा शोध हे वेळापत्रक आहे. बाल्कनी कोणीही जोडेल. पण 'तुमच्या घरात आम्ही इतके दिवस असू, त्यातले भिंत उघडी असण्याचे दिवस एवढेच', असं भाडेकरूला सांगता येणं, आणि ५३० घरांत ते पाळता येणं, यासाठी सगळी बांधणीच त्या हिशेबाने आखावी लागते. सभेत कितीही गोड बोलणी झाली तरी शेवटी माणूस एकच विचारतो : माझ्या घरात धूळ किती दिवस?

या जोडीला प्रवेशद्वारं, लिफ्ट आणि जिन्यांपर्यंतचे मार्ग सुधारले. आठ नवी घरंही बांधली. पण जोर सगळा जुन्या घरांवरच.

आता त्या ३.८ मीटरच्या जागेत काय आहे ते पाहू, कारण ऊर्जेची बचत तिथेच होते. सगळ्यात बाहेर कठडा असलेली उघडी पट्टी. तिच्या आत पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे (एका मजबूत प्लास्टिकचे) पत्रे आणि काच यांची सरकती तावदानं. त्यांच्या आत ती मोठी जागा, फ्रेंच लोक जिला 'हिवाळी बाग' म्हणतात. आणि तिच्या आत घराची खरी सीमा, म्हणजे दुहेरी काचेची सरकती दारं आणि जाड पडदे. हिवाळी बागेत हीटर नाही. थंडीच्या दिवसांत बाहेरची तावदानं मिटली की उन्हाने आतली हवा तापते आणि घर आणि बाहेरची थंडी यांच्यामध्ये एक उबदार पट्टा तयार होतो, स्वेटरवर शाल घ्यावी तसा. उन्हाळ्यात तीच तावदानं सरकवून सगळं उघडं करायचं आणि ऊन परतवणारे पडदे ओढायचे, की ती सावलीची पडवी होते. उत्तरेकडच्या भिंतींना थंडी अडवणारा थर दिला.

यात यंत्र काहीच नाही. तावदान कधी उघडायचं, पडदा कधी ओढायचा हे राहणाऱ्याने ठरवायचं. इथे एक कच्चा दुवाही आहे. जो भाडेकरू जानेवारीत हिवाळी बागेत इलेक्ट्रिक हीटर लावून बसेल, त्याची बचत गेली. जो जुलैत सगळं बंद ठेवून फिरायला जाईल, त्याचं घर परत येईपर्यंत भट्टी झालेलं असेल. म्हणजे कागदावरची बचत आणि मीटरवरची बचत यांच्यामध्ये माणसाची सवय उभी आहे. वास्तुकारांनी हे लपवलेलं नाही. राहणारा शहाणा आहे आणि आपलं घर वापरायला शिकेल, ही त्यांची भूमिका आहे. मला ती पटते, पण अशा घरात पहिली दोन वर्षं कोणीतरी जाऊन 'हे असं वापरा' सांगणं हा कामाचाच भाग धरायला हवा.

सिमेंटचा मुद्दा याला जोडूनच येतो. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्क्यांच्या आसपास आहे. जुन्या इमारतीचा सांगाडा बांधताना तो कार्बन एकदा हवेत गेलेला आहे. सांगाडा पाडून नवा ओतला, की तेवढाच पुन्हा जातो. मग नव्या इमारतीवर कितीही सोलर पॅनेल लावा, ती उधारी फेडायला वर्षं लागतात. ग्राँ पार्कमध्ये नवं काँक्रीट वापरलं नाही असं नाही, त्या चौकटी काँक्रीटच्याच आहेत. पण ४४,२१० चौरस मीटरचा जुना सांगाडा तसाच राखून त्याला २३,५०० चौरस मीटरची भर घातली.

भागाकार केला तर प्रत्येक घरामागे सरासरी ४४ चौरस मीटर, म्हणजे पावणेपाचशे चौरस फूट जागा वाढली. मुंबईत एवढ्यात अख्खं बिऱ्हाड राहतं. सुधारणेचा खर्च कर सोडून २७.२ दशलक्ष युरो, म्हणजे घरामागे साधारण ५१ हजार युरो. त्या वेळच्या दराने ३८ लाख रुपयांच्या आसपास. वास्तुकारांच्या हिशेबाने पाडून नवं घर बांधायला याच्या सुमारे तिप्पट लागले असते. हा 'तिप्पट' आकडा प्रस्ताव मांडणाऱ्याचाच आहे, हे लक्षात ठेवून वाचावा. पण तिप्पट नाही, दुप्पट धरला तरी निष्कर्ष बदलत नाही.

आता लोकसहभाग. या शब्दाने फसायला होतं. ग्राँ पार्कच्या भाडेकरूंनी नकाशे काढले नाहीत की खांब कुठे बसवायचे यावर मतदान केलं नाही. फ्रान्समध्ये २००० च्या एका कायद्यापासून सार्वजनिक घरांच्या मालकाला मोठ्या सुधारणेआधी किंवा पाडापाडीआधी भाडेकरूंशी विचारविनिमय करावाच लागतो. पण विचारविनिमय करून शेवटी इमारत पाडल्याचीही उदाहरणं आहेतच. कायद्याने सभा होते. सभेत ऐकलेलं नकाशात उतरेल की नाही, हे कायदा सांगत नाही.

इथे ते उतरलं, आणि त्याचं श्रेय मी सभांपेक्षा दोन गोष्टींना देईन. एक म्हणजे, कामाला हात लावण्याआधी वास्तुकारांनी माणसं आपापल्या घरात कशी राहतात हे जाऊन पाहिलं. बाहेरून भिकार दिसणाऱ्या इमारतीत आत नीट सजवलेली, वर्षानुवर्षं जपलेली घरं होती. कोणी तीस वर्षं, कोणी त्याहून जास्त राहिलेलं. ज्याला अधिकारी 'समस्या' म्हणत होते ती जागा आतल्या माणसासाठी आठवणींनी भरलेलं घर होतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पाडण्याचा प्रस्ताव लिहिताना हात अडखळतो. दुसरी गोष्ट म्हणजे, त्यांनी नवी जागा अर्धवट ठेवली. हिवाळी बाग म्हणजे बेडरूम नाही, किचन नाही, हॉल नाही. तिचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं. फिलिप र्‍युओ यांनी काढलेले या घरांचे फोटो पाहिले तर कळतं : कुठे झाडांची गर्दी, कुठे सतरंजी आणि उशा, कुठे जेवणाचं टेबल, कुठे सायकल आणि वाळत घातलेले कपडे. एकाच मापाच्या ५३० पडव्या, पण एकासारखी दुसरी नाही.

एका अर्थी हा सहभाग काम संपल्यावर सुरू झाला. यावर कोणी म्हणेल की हा सहभाग नव्हेच, ही भल्या मालकाची मेहेरबानी. आक्षेप अगदीच खोटा नाही. भाडेकरू मालक नव्हते. उद्या संस्थेने धोरण बदललं तर त्यांच्या हातात फारसं काही नाही. भाडं वाढलं नाही ते संस्थेने तसं ठरवलं म्हणून, भाडेकरूंकडे नकाराधिकार होता म्हणून नव्हे. तरीही, पाडकामात ज्याचा पहिला बळी जातो ते शेजार, शाळा, दुकानदाराची उधारीची वही, खालच्या मजल्यावरची मैत्रीण, हे सगळं इथे जागच्या जागी राहिलं. मला ते सभांच्या इतिवृत्तापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

२०१९ मध्ये या कामाला युरोपीय संघाचा समकालीन वास्तुकलेसाठीचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला. त्याआधीचा, म्हणजे २०१७ चा पुरस्कारही ॲमस्टरडॅममधल्या क्लायबर्ग या जुन्या, पाडायला निघालेल्या चारशे मीटर लांबीच्या इमारतीच्या नूतनीकरणाला होता. लागोपाठ दोनदा नव्या इमारतीऐवजी जुनी वाचवणाऱ्यांना मान मिळाला. २०२१ मध्ये लाकातों आणि वासाल यांना वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांच्या कामांत ग्राँ पार्कचं नाव ठळक होतं.

मराठी वाचकाच्या मनात आता एक प्रश्न आला असेल, तो टाळण्यात अर्थ नाही. आपल्याकडे १९६०-७० च्या दशकातली सोसायटी म्हटलं की पुढचा शब्द रिडेव्हलपमेंट. पाडायची, दोन-तीन वर्षं भाड्याने राहायचं, कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम) घ्यायचा, परत यायचं. हे ग्राँ पार्कसारखं का होत नाही?

पहिलं कारण लोखंडाचं. बोर्दोचा सांगाडा ठणठणीत होता. मुंबईत खारी हवा आणि पावसाळ्यातली गळती काँक्रीटच्या आतल्या सळ्यांपर्यंत पोचते. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. स्ट्रक्चरल ऑडिटनंतर, म्हणजे सांगाड्याच्या तपासणीनंतर, इमारतीची वर्गवारी होते. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए मध्ये काही भाग पाडून दुरुस्ती. सी-२बी मध्ये रिकामी न करता मोठी दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. सी-१ मध्ये खरोखर गेलेल्या इमारतीला बोर्दोचं उदाहरण सांगणं हा आगाऊपणा आहे. माणसांच्या जिवाशी खेळ नको. पण सी-२बी आणि सी-३ मधल्या इमारतीही दणादण पाडल्या जातात, आणि तिथे प्रश्न लोखंडाचा उरत नाही.

तिथे प्रश्न पैशाचा असतो. ग्राँ पार्कमध्ये खर्च सार्वजनिक संस्थेने केला. आपल्या सोसायटीत तो बिल्डर करतो, आणि बिल्डरचा पैसा वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्तीचं बांधायला मिळणारं क्षेत्रफळ, विकून निघतो. जुनी इमारत तशीच ठेवली तर विकायला काही उरत नाही, म्हणून ती ठेवण्यात कोणाला रस नाही. सभासदालाही नाही, कारण त्याला चारशेऐवजी सहाशे फूट आणि वर कॉर्पस मिळणार असतो. त्याला दोष देता येत नाही. दुरुस्ती करायची म्हटली तर प्रत्येकाने लाखो रुपये काढायचे, पाडायचं म्हटलं तर उलट मिळणार. असा सौदा समोर असताना सर्वसाधारण सभेत कार्बनबद्दल बोलणाऱ्या माणसाला चहा मिळेल, मत नाही. आता निम्म्याहून थोड्या जास्त, म्हणजे ५१ टक्के सभासदांच्या संमतीने पुनर्विकास पुढे जाऊ शकतो, हेही त्यातच आलं.

दुरुस्तीसाठी सोसायटीकडे पैसे का नसतात याचं उत्तर उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीतच आहे. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) किमान ०.२५ टक्के. टक्केवारी कोणत्या रकमेवर? घर बांधलं त्या वेळच्या बांधकाम खर्चावर. समजा १९७२ मध्ये एका घराचा बांधकाम खर्च ५०,००० रुपये होता, तर दोन्ही निधी मिळून वर्षाचे ५०० रुपये. पन्नास वर्षांचे २५,००० आणि त्यावरचं व्याज. आज एका घराचं बाहेरचं प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंगही त्यात होणार नाही. 'किमान' या शब्दाला चिकटून राहिलेल्या सोसायटीचा दुरुस्ती निधी महागाईने कधीच खाऊन टाकलेला असतो.

जागेचाही प्रश्न आहे. ३.८ मीटर बाहेर यायला इमारतीभोवती मोकळी जमीन लागते. ग्राँ पार्कमध्ये दोन इमारतींत भरपूर अंतर होतं. दादर-पार्ल्याच्या प्लॉटवर दोन सोसायट्यांमध्ये कुंपणाची भिंत आणि एक अशोकाचं झाड सोडून काही नसतं, आणि अग्निशमन दलाची गाडी फिरायलाही जागा लागते. म्हाडाच्या जुन्या वसाहतींत, कन्नमवार नगर किंवा टिळक नगरसारख्या ठिकाणी, मोकळी जागा होती. पण पुनर्विकासाच्या लाटेत तीच पहिल्यांदा बांधली जाते.

आणि काच. बोर्दोची हिवाळी बाग जशीच्या तशी मुंबईत आणली तर मे महिन्यात आत पापड वाळतील. इथे हवी ती खोल सावली आणि वाहती हवा. म्हणजे जुन्या चाळीची गॅलरी. विरोधाभास असा, की बोर्दोत माणसांना बाल्कनी दिली गेली त्याच काळात आपण असलेल्या बाल्कन्या ग्रिल आणि स्लायडिंग खिडक्या लावून खोलीत ओढल्या. ५५० चौरस फुटांत पाच माणसं राहतात तेव्हा दुसरा पर्याय नसतो, हे खरं. पण त्यामुळे भिंतीवर सरळ ऊन आणि पाऊस येऊ लागला, आणि गळतीच्या तक्रारींना एक कारण मिळालं.

भारतात बोर्दोच्या सगळ्यात जवळचं उदाहरण मला दिल्लीत दिसतं, तेही वास्तुकारांशिवाय. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या तीन-चार मजली फ्लॅटांत एका जिन्याच्या एका बाजूचे सगळे शेजारी एकत्र येतात, तळमजल्यापासून नवे कॉलम उभे करतात आणि प्रत्येक मजल्याला एक खोली किंवा बाल्कनी जोडून घेतात. प्राधिकरणाच्या नियमांत काही वाढींना परवानगी आहे, अट अशी की संबंधित सगळ्या मजल्यांची संमती हवी. प्रत्यक्षात तळमजलावाल्याची मोकळी जागा जाते म्हणून तो अडून बसतो, वरचे त्याच्याकडे मिठाई घेऊन जातात, आणि मग खर्चाची वाटणी ठरते. अनेक ठिकाणी नवं बांधकाम जुन्याला नीट जोडलेलं नसतं, आणि दिल्ली भूकंपप्रवण भागात आहे, त्यामुळे ही काळजीची बाब आहे. पण नवा भार नव्या कॉलमवर, शेजाऱ्यांची संमती आधी, आणि कोणी घर सोडत नाही, हे तिन्ही नियम त्यांनी आपापल्या परीने शोधून काढलेले आहेत.

ज्या सोसायटीचं ऑडिट सी-२बी किंवा सी-३ आलेलं आहे, तिने बिल्डरची ऑफर उघडण्याआधी आपल्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून दोन आकडे लेखी मागून घ्यावेत. एक, आत्ता पूर्ण दुरुस्ती केली तर घरामागे खर्च किती. दोन, त्या दुरुस्तीनंतर इमारत किती वर्षं टिकेल. सभांमध्ये अनेकदा पहिला आकडा वाढवून सांगितला जातो आणि दुसरा कोणी विचारतच नाही.